ज्याच्या नावाने युद्ध झाले

एप्रिल १९४६ मध्ये वातानाबे कियोशी या विशीतल्या तरुणाने जपानच्या सम्राटाला एक पत्र लिहिले. वातानाबे शेतकरी कुटुंबातले. कोवळ्या वयात स्वतःहून नौदलात भरती झालेले. ‘मुसाशी’ ही अजस्र युद्धनौका ऑक्टोबर १९४४ मध्ये फिलिपाइन्सच्या समुद्रात बुडाली, तेव्हा जे वाचले त्यांत ते होते. सम्राट म्हणजे त्यांच्या लेखी साक्षात देव. देश हरला आहे, तेव्हा आता सम्राट पराभवाची जबाबदारी घेऊन निदान गादी तरी सोडतील, असे ते धरून चालले होते. त्याऐवजी सप्टेंबर १९४५ च्या अखेरीस वर्तमानपत्रांत एक छायाचित्र झळकले. जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकी फौजांचे उंचेपुरे सेनापती जनरल मॅकआर्थर, खाकी शर्टाची कॉलर उघडी, टाय नाही, हात कमरेवर. आणि शेजारी समारंभाच्या काळ्या कोटात ताठ उभे असलेले लहानखुरे सम्राट हिरोहितो. जपानी गृहखात्याने ते छायाचित्र दडपायचा प्रयत्न केला होता, पण अमेरिकी अधिकाऱ्यांनी बंदी उठवली. वातानाबेंच्या मनातला देव ते छायाचित्र पाहून कोसळला. पुढे त्यांनी नौदलात मिळालेला पगार, पोटात गेलेले अन्न, अंगावरचे कपडे यांचा एकेक करून हिशेब मांडला. बेरीज चार हजार येनांच्या वर गेली. ती रक्कम त्यांनी पत्रासोबत पाठवून दिली आणि कळवले की आता मी तुमचे काही देणे लागत नाही.

हिरोहितोंवर आजवर लिहिल्या गेलेल्या शेकडो पुस्तकांपेक्षा हे पत्र मला अधिक महत्त्वाचे वाटते. पुस्तकांतला वाद बहुतेक वेळा एकाच प्रश्नाभोवती फिरतो: हिरोहितो सेनाधिकाऱ्यांच्या हातचे बाहुले होते, की तेच खरे सूत्रधार होते? वातानाबे या प्रश्नात शिरतच नाहीत. राजवाड्यातल्या बैठकीत कोण काय बोलले हे त्यांना ठाऊक नव्हते, आणि ठाऊक असण्याची गरजही नव्हती. त्यांना लढायला पाठवले ते सम्राटाच्या नावाने. त्यांचे सोबती बुडाले ते सम्राटाच्या नावाने. त्यांनी आपल्या बाजूचा हिशेब चुकता केला आणि दुसऱ्या बाजूने तो यावा अशी अपेक्षा ठेवली. तो आला नाही. १९८९ च्या जानेवारीत हिरोहितो वारले तोवर आला नाही.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्याच्या नावाने लाखो माणसांनी मारले आणि लाखो मेली, त्याने उत्तर द्यायला हवे होते. त्याच्या हातात नेमकी किती सत्ता होती यावर हे कर्तव्य अवलंबून राहत नाही. सत्तेचा प्रश्न बिनमहत्त्वाचा आहे असे मात्र मी म्हणणार नाही. उलट तो नीट तपासला, तर हिरोहितोंच्या बचावात सांगितल्या जाणाऱ्या बऱ्याच गोष्टी टिकत नाहीत.

माणूस मुळात क्रूर नव्हता, हे आधी सांगायला हवे. २९ एप्रिल १९०१ ला जन्मलेले हे मूल राजघराण्याच्या रिवाजाप्रमाणे अडीच महिन्यांच्या आतच आईवडिलांपासून दूर, एका वृद्ध दरबाऱ्याच्या घरी वाढायला गेले. शाळेत त्यांच्यावर देखरेख होती ती रशियाविरुद्धच्या युद्धातले सेनानी नोगी मारेसुके यांची. १९१२ मध्ये आजोबा, सम्राट मेइजी, वारले. अंत्ययात्रेच्या दिवशी नोगी आणि त्यांच्या पत्नीने आत्महत्या केली. स्वामीबरोबर सेवकाने जायचे, हा अकरा वर्षांच्या मुलासमोर घालून दिलेला धडा होता. १९२१ मध्ये युवराज म्हणून ते युरोपला गेले; तिथे जाणारे ते पहिले जपानी युवराज. पॅरिसमध्ये त्यांनी भुयारी रेल्वेने प्रवास केला आणि ते तिकीट जन्मभर जपून ठेवले. समुद्रातल्या हायड्रोझोआ वर्गातील सूक्ष्म जीवांचा त्यांचा अभ्यास हौशी राजाचा नव्हता, खऱ्या अभ्यासकाचा होता. राजवाड्याच्या आवारात त्यांची प्रयोगशाळा होती. पुढे लंडनच्या रॉयल सोसायटीनेही त्यांना सदस्यत्व दिले.

वडील आजारी असल्याने १९२१ च्या नोव्हेंबरपासूनच कारभार त्यांच्याकडे आला आणि २५ डिसेंबर १९२६ ला ते सम्राट झाले. दीड वर्षातच पहिला पेच आला. जून १९२८ मध्ये मांचुरियाचे युद्धसरदार झांग झुओलिन यांची आगगाडी जपानच्याच क्वांतुंग सैन्याच्या अधिकाऱ्यांनी स्फोटाने उडवली. पंतप्रधान तनाका गिइची यांनी आधी दोषींना शिक्षा करण्याचे आश्वासन दिले आणि मग लष्कराच्या दबावाखाली शब्द फिरवला. सम्राटांनी त्यांना कडक शब्दांत सुनावले. तनाकांना राजीनामा द्यावा लागला आणि काही महिन्यांत ते वारले. १९४६ मध्ये हिरोहितोंनी आपल्या पाच विश्वासू सेवकांना युद्धाविषयीचे जे निवेदन सांगितले, त्याची सुरुवात ते या प्रसंगापासून करतात. आपण तरुणपणाच्या भरात बोललो, आणि त्यानंतर मंत्रिमंडळाचा निर्णय आपल्याला पटला नाही तरी त्याला संमती द्यायची असे ठरवले, असे ते सांगतात. हे निवेदन त्या सेवकांपैकी तेरासाकी हिदेनारी यांच्या कुटुंबाकडे पडून होते. ते प्रसिद्ध व्हायला १९९० साल उजाडले. हिरोहितो हे घटनात्मक राजे होते, ते ठरावावर फक्त शिक्का उमटवत, हा सगळा बचाव या एका प्रसंगावर उभा आहे.

पण २६ फेब्रुवारी १९३६ च्या पहाटेचे काय? बर्फाळलेल्या तोक्योत तरुण अधिकाऱ्यांनी सुमारे १४०० सैनिकांसह बंड केले. अर्थमंत्री ताकाहाशी कोरेकियो यांच्यासह अनेकांना घरात घुसून मारले. बंडखोर म्हणत होते की आम्ही हे सम्राटासाठीच करतो आहोत. लष्कराचे ज्येष्ठ अधिकारी चाचरत होते, काहींना बंडखोरांविषयी उघड सहानुभूती होती. हिरोहितो चाचरले नाहीत. हे बंडखोर आहेत, त्यांना मोडून काढा, नाहीतर मी स्वतः राजरक्षक दलाच्या पुढे चालत जातो, असे त्यांनी बजावल्याचे त्यांचे लष्करी सहायक होन्जो शिगेरू यांच्या रोजनिशीत आहे. चार दिवसांत बंड संपले. संमतीपलीकडे काही करायचे नाही असे ठरवलेला माणूस असा वागत नाही. आणि चिडलेल्या सेनेसमोर सम्राट दुबळे होते असे म्हणणाऱ्यांनाही हे चार दिवस विचारात घ्यावेच लागतात.

मेइजी राज्यघटना उघडून पाहिली की गोष्ट अधिक स्पष्ट होते. तिसरे कलम सम्राटाला पवित्र आणि अनुल्लंघनीय ठरवते. पंचावन्नावे कलम सांगते की मंत्री सल्ला देतील आणि त्या सल्ल्याची जबाबदारी मंत्र्यांची. बचाव करणारे इथेच थांबतात. पण अकराव्या कलमाने सैन्याचे आणि नौदलाचे सर्वोच्च सेनापतिपद सम्राटाकडे होते, आणि ते मंत्रिमंडळाच्या कक्षेबाहेर होते. दोन्ही दलांचे प्रमुख थेट सम्राटापुढे येऊन अहवाल देत. पंतप्रधानाला युद्धमोहिमांची माहिती मिळेलच असे नव्हते. म्हणजे लढाईचा हुकूम ज्या वाटेने निघे, त्या वाटेवर जबाबदार मंत्री कोणीच नव्हता. होते फक्त सेनापती आणि सम्राट. सगळी लष्करी माहिती ज्याच्यासमोर एकत्र येत होती अशी जागा देशात एकच होती, आणि त्या जागेवर हिरोहितो बसले होते.

तिथे बसून ते काय करत? प्रश्न विचारत. इतिहासकार यामादा अकिरा यांनी दफ्तरे धुंडाळून दाखवले आहे की हे प्रश्न नुसते औपचारिक नसत. सम्राटाने एखाद्या आघाडीविषयी नाराजीने विचारले, की प्रमुख खाली जाऊन बेत बदलत. सगळ्यांत गाजलेला संवाद ५ सप्टेंबर १९४१ चा आहे, तेव्हाचे पंतप्रधान कोनोए फुमिमारो यांच्या आठवणींतून कळलेला. दक्षिणेची मोहीम तीनेक महिन्यांत आटोपेल असे सेनाप्रमुख सुगियामा म्हणाले. सम्राटांनी आठवण करून दिली की चीनचे प्रकरण महिनाभरात मिटेल असे तुम्हीच १९३७ मध्ये युद्धमंत्री म्हणून सांगितले होते, आणि चार वर्षे झाली. चीनचा मुलूख फार विस्तीर्ण आहे, असे सुगियामा पुटपुटले. मग प्रशांत महासागर त्याहून विस्तीर्ण नाही का, असे सम्राटांनी विचारले. सुगियामांकडे उत्तर नव्हते.

या माणसाला सगळे कळत होते, हे त्या संवादातून दिसते. दुसऱ्या दिवशीच्या दरबारी बैठकीत त्यांनी आजोबांची शांततेविषयीची एक छोटी कविता वाचून दाखवली. बैठकीने युद्धाच्या तयारीचा ठराव तरीही मंजूर केला. १ डिसेंबरला त्यांच्यासमोरच युद्धाचा अंतिम निर्णय झाला आणि त्यांनी संमती दिली. आपण नकार दिला असता तर देशात बंड झाले असते, आपल्या जिवाचीही शाश्वती नव्हती, असे त्यांनी नंतर सांगितले. ही भीती खोटी नव्हती. फेब्रुवारीतल्या त्या बंडाला अजून सहा वर्षेही झाली नव्हती. पण सम्राटासाठी मरणे हेच ज्यांचे परमकर्तव्य अशी शिकवण मिळालेल्या लक्षावधी तरुणांना ज्याच्या नावाने मृत्यूच्या तोंडी दिले, त्याला स्वतःचा जीव धोक्यात आहे म्हणून सूट मागता येत नाही. मला हा बचाव नैतिकदृष्ट्या सगळ्यांत कमकुवत वाटतो.

चीनविषयी बोलताना तर हा बचाव उरतही नाही. डिसेंबर १९३७ मध्ये नानजिंगमध्ये कैद्यांच्या आणि नागरिकांच्या कत्तली झाल्या, तेव्हा तिथल्या एका फौजेच्या प्रमुखपदी राजघराण्यातले राजपुत्र आसाका होते. जैविक प्रयोगांसाठी कुप्रसिद्ध झालेल्या ७३१ क्रमांकाच्या तुकडीला १९३६ मध्ये सम्राटाच्या हुकुमानेच अधिकृत रूप मिळाले. प्रयोगशाळेत माणसांचे काय होत होते हे त्यांना ठाऊक होते असा पुरावा नाही, आणि तो असल्यासारखे लिहिणे अन्याय ठरेल. पण इतिहासकार योशिमी योशिआकी यांनी उघडकीला आणलेल्या कागदपत्रांतून एवढे दिसते की, चीनमध्ये विषारी वायू वापरण्याचे आदेश सम्राटाच्या अधिकारानेच खाली गेले.

१९४५ चा फेब्रुवारी मला सगळ्यांत जास्त छळतो. युद्ध हरल्यात जमा होते. १४ तारखेला कोनोए राजवाड्यात आले आणि त्यांनी लेखी सल्ला दिला की पराभव अटळ आहे, युद्ध लांबले तर साम्यवादी क्रांती होईल, लवकर थांबवा. अजून एकदा रणांगणावर यश मिळाल्याशिवाय ते कठीण आहे, असे हिरोहितोंचे उत्तर होते. त्या एका यशाची वाट पाहण्यात काय काय गेले? ९-१० मार्चच्या रात्री अमेरिकी बॉम्बहल्ल्यात तोक्योत सुमारे एक लाख माणसे जळाली. ओकिनावाच्या लढाईत दोन लाखांहून अधिक माणसे मेली, त्यांत सव्वा लाखाच्या आसपास ओकिनावाचेच लोक होते. ओकिनावाच्या वेळी नौदलाने विमानहल्ल्यांचा बेत सांगितला, तेव्हा जहाजे उरली नाहीत का, अशा अर्थाचा प्रश्न सम्राटांनी केला. नौदलाने तो फटकारा समजला. ‘यामातो’ ही महानौका परतीची आशा नसलेल्या मोहिमेवर निघाली आणि ७ एप्रिलला सुमारे तीन हजार माणसांसह बुडाली. त्यानंतर हिरोशिमा, नागासाकी. मित्रराष्ट्रांनी फेब्रुवारीत कोणत्या अटी देऊ केल्या असत्या हे सांगता येत नाही, ते मान्य. पण विचारण्याचीही तयारी तेव्हा नव्हती.

मित्रराष्ट्रांची शरणागतीची पॉट्सडॅम मागणी २६ जुलैला आली. उत्तर अडले ते मुख्यतः सम्राटपदाचे काय होणार या एका मुद्द्यावर. त्याच दिवसांत, जुलैच्या अखेरीला, हिरोहितोंनी विश्वासू सल्लागार किदो कोइची यांना इसे आणि आत्सुता इथल्या पवित्र राजचिन्हांच्या, म्हणजे आरशाच्या आणि तलवारीच्या, सुरक्षिततेची चिंता बोलून दाखवली. किदोंच्या रोजनिशीत ती नोंद आहे. शहरांमागून शहरे जळत असताना देशाचा मुख्य माणूस कशाचा विचार करत होता, हे त्यातून कळते. ते ढोंग नव्हते. पूर्वजांकडून आलेले सांभाळून पुढे द्यायचे, हे त्यांच्या श्रद्धेने त्यांचे पहिले कर्तव्य होते. प्रजेचा जीव त्या कर्तव्याच्या खाली आला.

मग ९ ऑगस्टच्या मध्यरात्री राजवाड्याखालच्या तळघरात बैठक बसली. सर्वोच्च युद्धमंडळाचे सहा जण तीन विरुद्ध तीन असे अडले. पंतप्रधान सुझुकी कान्तारो यांनी सम्राटाकडे कौल मागितला आणि हिरोहितोंनी युद्ध थांबवण्याच्या बाजूने कौल दिला. १४ तारखेला पुन्हा तसेच झाले. त्या रात्री काही अधिकाऱ्यांनी राजवाड्यावर कब्जा करून शरणागतीच्या घोषणेच्या, सम्राटाच्या आवाजातल्या तबकड्या शोधल्या. त्या सापडल्या नाहीत, आणि १५ ऑगस्टच्या दुपारी बारा वाजता देशाने पहिल्यांदा आपल्या सम्राटाचा आवाज रेडिओवर ऐकला. हा निर्णय धैर्याचा होता आणि त्याने असंख्य जीव वाचवले. त्याचे श्रेय मी त्यांना मनापासून देतो. पण ज्यांनी सम्राटाच्या एका शब्दाने युद्ध थांबले म्हणून त्यांचा गौरव केला, त्यांनीच युद्ध सुरू होताना त्यांच्या शब्दाला किंमत नव्हती असेही सांगितले. या दोन्ही गोष्टी एकाच माणसाबद्दल एकाच वेळी खऱ्या असू शकत नाहीत.

जपानी जनतेला या विसंगतीला भिडण्याची वेळच आली नाही, याला कारण अमेरिका. मॅकआर्थर यांना देश कमी सैन्यात आणि शांतपणे चालवायचा होता, आणि त्यासाठी सम्राट हवे होते. जानेवारी १९४६ मध्ये त्यांनी वॉशिंग्टनला तार पाठवली की सम्राटावर खटला भरला तर कदाचित दहा लाख सैनिक लागतील. त्यांचे सहायक बॉनर फेलर्स यांनी जपानी पुढाऱ्यांना सुचवले की सगळी जबाबदारी युद्धकाळातले पंतप्रधान तोजो हिदेकी यांनी आपल्या शिरावर घेतलेली बरी. युद्धगुन्ह्यांसाठी मित्रराष्ट्रांनी चालवलेल्या तोक्यो खटल्यात ३१ डिसेंबर १९४७ ला तोजोंच्या तोंडून खरे निघून गेले: सम्राटाच्या इच्छेविरुद्ध कोणी जपानी प्रजाजन काही करूच शकत नाही. धावपळ झाली. आठवडाभरात तोजोंनी आपले विधान दुरुस्त केले. २३ डिसेंबर १९४८ ला तोजोंसह सात जण फाशी गेले. तो युवराज आकिहितो यांचा वाढदिवस होता. फ्रान्सचे न्यायाधीश आंरी बेर्नार यांनी स्वतंत्र मतपत्रात लिहिले की या कटाचा मुख्य सूत्रधार खटल्यातून सुटला. ऑस्ट्रेलियाचे अध्यक्ष-न्यायाधीश विल्यम वेब यांनीही सम्राटाला मिळालेल्या अभयाकडे बोट दाखवले.

फाशी व्हायला हवी होती, असे माझे म्हणणे नाही. परक्या न्यायालयाने केलेल्या शिक्षेने जपानी मनाला काही शिकवले असते असेही मला वाटत नाही. पण गादी सोडायला कोणाची मनाई होती? १९४६ मध्येच कवी मियोशी तात्सुजी यांनी तशी मागणी केली होती. तोक्यो विद्यापीठाचे कुलगुरू नाम्बारा शिगेरू यांचे मतही तसेच होते. राजवाड्यातून बाहेर पडून तुरुंगात गेलेल्या किदोंनी १९५१ मध्ये तिथून निरोप पाठवला की शांतता कराराच्या वेळी तरी पायउतार व्हा. तो निरोप पाठवणारा माणूस युद्धकाळात त्यांच्या सर्वांत जवळचा होता. जानेवारी १९५२ मध्ये तरुण खासदार नाकासोने यासुहिरो यांनी संसदेत हा विषय काढला, तेव्हा पंतप्रधान योशिदा शिगेरू यांनी असे म्हणणाऱ्यांना देशद्रोही ठरवले.

त्याच वर्षीची एक गोष्ट २०१९ मध्ये उजेडात आली. राजदरबार खात्याचे प्रमुख ताजिमा मिचिजी सम्राटांशी झालेली बोलणी वह्यांत टिपून ठेवत. त्या वह्यांवरून दिसते की, स्वातंत्र्य परत मिळाल्याच्या समारंभात, ३ मे १९५२ च्या भाषणात, युद्धाविषयी आपल्याला झालेला पश्चात्ताप व्यक्त करावा, असा हिरोहितोंनी पुन्हा पुन्हा आग्रह धरला होता. मसुद्यात तसा मजकूर होता. योशिदांनी तो काढायला लावला. पन्नाशी उलटलेला हा माणूस आपल्या देशाला उद्देशून एक वाक्य बोलू पाहत होता आणि पंतप्रधानाने ते खोडले. इथे मला त्यांची कीव येते. पण त्यांनी ते खोडू दिले. फेब्रुवारी १९३६ मध्ये सेनाधिकाऱ्यांना धुडकावणारे हिरोहितो मे १९५२ मध्ये एका वाक्यासाठी उभे राहिले नाहीत.

पडद्याआड मात्र ते गप्प नव्हते. नव्या घटनेने त्यांना राष्ट्राचे केवळ प्रतीक केले होते. ती अमलात येऊन चारच महिने झाले असताना, सप्टेंबर १९४७ मध्ये, तेरासाकींमार्फत अमेरिकी अधिकाऱ्यांना निरोप गेला की अमेरिकेने ओकिनावा पंचवीस-पन्नास वर्षे किंवा त्याहून अधिक काळ भाडेपट्ट्याच्या रूपात आपल्या लष्करी ताब्यात ठेवावे अशी सम्राटांची इच्छा आहे. हा कागद १९७९ मध्ये अमेरिकी दफ्तरातून बाहेर आला. ज्या बेटाने त्यांच्या एका यशाच्या आशेपायी चौथा हिस्सा लोक गमावले, तेच बेट नंतर परक्यांच्या पदरात टाकायला ते तयार झाले. ओकिनावा १९७२ मध्ये परत आले. सम्राट म्हणून हिरोहितो तिथे एकदाही गेले नाहीत. १९८७ मध्ये भेट ठरली होती, ती आजारपणाने रद्द झाली.

३१ ऑक्टोबर १९७५ ला, अमेरिकेच्या दौऱ्याहून परतल्यावर, पत्रकार परिषदेत त्यांना युद्धाच्या जबाबदारीविषयी सरळ विचारण्यात आले. अशा शब्दांच्या छटांविषयी, आपण साहित्याचा फारसा अभ्यास केलेला नसल्याने, उत्तर देता येत नाही, असे ते म्हणाले. हिरोशिमाबद्दल म्हणाले की वाईट वाटते, पण युद्ध चालू होते, ते टळण्यासारखे नव्हते. हिरोशिमात जखमा घेऊन जगणाऱ्या माणसांनी हे दूरचित्रवाणीवर पाहिले.

वरचा माणूस बोलत नाही, तेव्हा खालच्यांनीही बोलू नये असा दंडक आपोआप तयार होतो. १९८८ च्या सप्टेंबरात सम्राट अंथरुणाला खिळले आणि देशभर उत्सव, जत्रा, मेजवान्या रद्द होऊ लागल्या. त्या वातावरणात, ७ डिसेंबरला, नागासाकीचे महापौर मोतोशिमा हितोशी यांना महापालिकेत प्रश्न आला. ते म्हणाले की इतिहास वाचून आणि सैन्यातल्या स्वतःच्या अनुभवावरून मला वाटते, सम्राटांवर युद्धाची जबाबदारी आहे. मोतोशिमा डावे नव्हते, सत्ताधारी लिबरल डेमोक्रॅटिक पक्षाचेच होते. त्या पक्षाने त्यांना दूर केले. उजव्या गटांच्या ध्वनिक्षेपक लावलेल्या गाड्या शहरात घिरट्या घालू लागल्या. त्यांनी विधान मागे घेतले नाही. १८ जानेवारी १९९० ला महापालिकेसमोर एकाने त्यांना पाठीमागून गोळी घातली. ते वाचले. त्यांच्याकडे सात हजारांहून अधिक पत्रे आली, आणि बहुतेक पाठिंब्याची होती. म्हणजे लोकांकडे बोलायला खूप होते. सैनिक, विधवा, शाळामास्तर, सगळ्यांकडे. चाळीस वर्षे कोणी विचारले नव्हते.

त्या पत्रांमुळे मला ठामपणे म्हणावेसे वाटते की जपानी समाजाला युद्ध विसरायचे होते ही समजूत चुकीची आहे. युद्धात न्यू गिनीच्या जंगलातून जिवंत परतलेले ओकुझाकी केन्झो यांनी १९६९ च्या नववर्षाच्या वेळी राजवाड्याच्या सज्जात उभ्या सम्राटाच्या दिशेने गलोलीने लोखंडी गोळ्या मारल्या आणि मेलेल्या सोबत्याचे नाव घेऊन हाक दिली. ते कृत्य समर्थनीय नाही. पण सैन्यातल्या जपानी मृतांपैकी निम्म्याहून अधिक भुकेने आणि भुकेपाठोपाठच्या रोगांनी गेले, असा हिशेब स्वतः चीनमध्ये लढलेले इतिहासकार फुजिवारा अकिरा यांनी मांडला आहे, हे लक्षात घेतले की ती हाक कोठून आली ते कळते.

हिरोहितोंनाही ती ऐकू येत होती. सेवक कोबायाशी शिनोबू यांच्या २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या रोजनिशीत १९८७ ची एक नोंद आहे. आता आणखी जगून काय करायचे, युद्धाच्या जबाबदारीविषयी ऐकावे लागते, असे म्हातारे सम्राट म्हणाले होते. कोबायाशींनी समजूत घातली की असे बोलणारे मूठभर आहेत.

भारतीय वाचकाला हे परके वाटण्याचा संभव आहे, म्हणून आपल्याकडचे थोडे. तोक्यो खटल्यात भारताचे न्यायाधीश राधाबिनोद पाल यांनी सगळ्या आरोपींना निर्दोष ठरवले, हे आपल्याकडे अभिमानाने सांगितले जाते. १९६६ मध्ये हिरोहितोंच्या हातून त्यांचा सन्मानही झाला. पण पाल यांनी नानजिंग घडलेच नाही असे म्हटलेले नाही. तिथल्या अत्याचारांचा पुरावा जबरदस्त आहे, असेच त्यांनी नोंदवले. त्यांचा आक्षेप होता तो जेत्यांनी मागाहून केलेल्या कायद्यावर. निकालपत्र न वाचता त्याचा उपयोग जपानला दोषमुक्त करायला करू नये.

आणि अंदमान. महाराष्ट्रातून दरवर्षी हजारो लोक सावरकरांची कोठडी पाहायला सेल्युलर जेलमध्ये जातात. मार्च १९४२ मध्ये जपान्यांनी बेटे घेतल्यावर याच तुरुंगात भारतीयांचा छळ झाला. इंडियन इंडिपेंडन्स लीगचे स्थानिक अध्यक्ष डॉ. दिवाण सिंग छळाने जानेवारी १९४४ मध्ये तिथेच गेले. ३० डिसेंबर १९४३ ला सुभाषबाबूंनी पोर्ट ब्लेअरमध्ये तिरंगा फडकवला होता. बरोबर एका महिन्याने, ३० जानेवारीला, होमफ्रेगंजला ४४ भारतीयांना हेरगिरीच्या संशयावरून गोळ्या घातल्या गेल्या. त्याच वर्षी, १९४४ च्या मार्चमध्ये, मणिपूरच्या सांगशाकला मराठा लाइट इन्फंट्रीच्या चौथ्या पलटणीचे जवान जपान्यांना अडवून धरताना धारातीर्थी पडले. ज्याच्या नावाने आलेल्या सैन्याने हे केले, तो सम्राट पुढे पंचेचाळीस वर्षे गादीवर राहिला.

माझ्या मते हिरोहितोंनी १९४५ मध्ये, नाहीतर निकालाच्या दिवशी १९४८ मध्ये, नाहीतर १९५२ मध्ये गादी सोडून दोन वाक्ये बोलायला हवी होती. पोर्ट ब्लेअरला, आताच्या श्री विजयपुरमला, जाल तेव्हा सेल्युलर जेल पाहून परत फिरू नका. होमफ्रेगंजला त्या ४४ जणांची बलिदान वेदी आहे. तिथेही जा.